आठ टीबीच्या ड्राइव्हवर कुठली फाइलसिस्टिम?

माझ्याकडचे व्हिडिओ, फोटो आणि ध्वनिमुद्रणं बरीच वर्षं एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टिममध्ये (फाइलसिस्टिम म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडण्याची पद्धत) फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवर होती. संगणक मात्र केव्हाच लिनक्सवर आला होता. तसं चालून जात होतं. लिनक्सला एनटीएफएस वाचता-लिहिता येतं, आणि २०२१ मध्ये आलेल्या कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ पासून एनटीएफएस३ हा ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच आहे. पण वाचता-लिहिता येणं वेगळं आणि दुरुस्त करता येणं वेगळं. लिहिणं चालू असताना केबल निघाली किंवा वीज गेली, की त्या ड्राइव्हची नीट तपासणी करणारं चेकडिस्क फक्त विंडोजवर चालतं. लिनक्सवरचं एनटीएफएसफिक्स मोजक्या गोष्टी सावरतं आणि बाकीची तपासणी विंडोजवर सोपवतं. म्हणून नवे, मोठे ड्राइव्ह घेतले तेव्हा पहिली अट हीच ठेवली: ज्या यंत्रावर साठा वापरायचा, त्याच यंत्रावर त्याची दुरुस्तीही पूर्णपणे करता आली पाहिजे.

निवड करायला बसलं की सगळीकडे वेगाचे तक्ते समोर येतात. ते मी लगेच बाजूला ठेवले. फोर-के ब्लू-रे डिस्कवरचा व्हिडिओ जास्तीत जास्त सेकंदाला १२८ मेगाबिट खातो, म्हणजे १६ एमबी. साधा फिरता ड्राइव्ह सलग वाचताना सेकंदाला दीडशे एमबीच्या पुढे सहज जातो. एवढ्या कामाला कुठलीही फाइलसिस्टिम कमी पडत नाही. अशा साठ्याचा स्वभाव ठरलेला असतो. फायली मोठ्या, एकदा लिहिल्या की पुन्हा कधी बदलत नाहीत, आणि वाचल्या मात्र पुष्कळदा जातात. तेव्हा विचारायचे प्रश्न दोनच उरले. एखादी फाइल गुपचूप बिघडली तर मला कळणार कसं? आणि एक अख्खा ड्राइव्ह गेला तर त्यासोबत काय काय जाईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर झेडएफएस आणि बीटीआरएफएस देतात. दोन्हीकडे डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, साठवला जातो आणि वाचताना तो पडताळला जातो. झेडएफएस मला मनापासून आवडते, पण तिच्या सीडीडीएल परवान्यामुळे ती मूळ कर्नलचा भाग नाही. मॉड्यूल वेगळं बसवायचं आणि कर्नल बदलला की ते जुळतंय का ते पाहायचं. शिवाय माझ्यासारखे जे वेगवेगळ्या आकारांचे ड्राइव्ह एकेक करून जोडत जातात, त्यांना तिची रचना सोयीची पडत नाही. बीटीआरएफएस २००९ मध्ये कर्नल २.६.२९ बरोबर आली, त्यामुळे ती हाताशीच असते. मात्र तिचे रेड-५ आणि रेड-६ (रेड म्हणजे एखादा ड्राइव्ह गेला तरी डेटा वाचावा म्हणून अनेक ड्राइव्ह एकत्र वापरणं) अजूनही खऱ्या डेटासाठी वापरू नका, असा इशारा तिच्या स्वतःच्या दस्तऐवजात दिलेला आहे. तो मी तंतोतंत पाळतो. रेड-१, म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या दोन ड्राइव्हवर दोन प्रती, हे तिचं पक्कं अंग.

एक्सएफएस आणि एक्स्ट-४ डेटाचा चेकसम ठेवत नाहीत. एक्सएफएस सिलिकॉन ग्राफिक्सने १९९० च्या दशकात आयरिक्ससाठी बनवली, म्हणजे मोठ्या फायली हाच तिचा जन्मापासूनचा विषय. पण ती वाढवता येते, लहान करता येत नाही, निदान रोजच्या वापरात तरी नाही. एक्स्ट-४ ही २००८ अखेर कर्नल २.६.२८ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली. ती अनमाउंट करून, म्हणजे प्रणालीपासून सोडवून, लहान करता येते. तिची सवय सगळ्यांना आहे, आणि बिघडलेल्या एक्स्ट-४ मधून फायली बाहेर काढायची साधनंही भरपूर आहेत. या शेवटच्या गोष्टीला मी बरंच वजन दिलं.

शेवटी साठ्याचे भाग पाडले, आणि सगळ्यांसाठी एकच उत्तर शोधण्याचा हट्ट सोडला. घरचे फोटो आणि आम्हीच चित्रित केलेले व्हिडिओ जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ते दोन ड्राइव्हच्या बीटीआरएफएस रेड-१ वर ठेवले, आणि त्याची आणखी एक प्रत तिसऱ्याच ड्राइव्हवर, जो एरवी यंत्रापासून काढून ठेवलेला असतो. रेडमुळे ड्राइव्ह गेल्याचं निभावतं. फोल्डर चुकून पुसलं तर ते दोन्हीकडून एकदमच पुसलं जातं. स्वतःच्या डिस्कवरून उतरवलेले चित्रपट आणि मैफली पुन्हा उतरवता येतात, फक्त वेळ फार जातो. त्यांच्यासाठी आठ-आठ टीबीचे दोन एक्स्ट-४ ड्राइव्ह, आणि पॅरिटीसाठी, म्हणजे गेलेला डेटा ज्यावरून पुन्हा उभा करता येतो त्या हिशेबासाठी, आणखी एक आठ टीबीचा. दुसऱ्यांच्या टीव्हीला किंवा लॅपटॉपला लावायचा छोटा ड्राइव्ह एक्सफॅट. तिच्यात जर्नल (होऊ घातलेल्या बदलांची आगाऊ नोंद) नाही, लिनक्सचे मालकी-हक्क नाहीत, सिंबॉलिक लिंक नाहीत. पण २०२० च्या कर्नल ५.७ पासून तिचा चांगला ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि ती जवळपास सगळीकडे उघडते. त्या ड्राइव्हवर प्रत सोडून दुसरं काही ठेवायचं नाही, एवढं पथ्य.

फॉरमॅट करण्याआधी प्रत्येक ड्राइव्ह तपासला. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळू नये असं माझं ठाम मत आहे. स्मार्टसीटीएलने (ड्राइव्हची स्वतःची आरोग्यनोंद, म्हणजे स्मार्ट, वाचणारं साधन) लांबलचक स्व-चाचणी लावायची, आणि मग बॅडब्लॉक्सने संपूर्ण ड्राइव्हवर लिहून ते परत वाचायचं. या लिहिणाऱ्या चाचणीत ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून ती रिकाम्या ड्राइव्हवरच. एवढ्या मोठ्या ड्राइव्हवर बॅडब्लॉक्सला ब्लॉकचा आकार ४०९६ असा सांगणं चांगलं. सेकंदाला १८० एमबी धरले तरी आठ टीबीच्या एका फेरीला बारा तासांहून जास्त लागतात, आणि बॅडब्लॉक्स चार नमुने लिहितं आणि चारही वाचतं. म्हणजे चार दिवस गृहीत धरायचे. जो ड्राइव्ह सुरुवातीलाच दगा देणार असतो, तो बहुधा इथेच उघडा पडतो, आणि तेव्हा त्यावर आपलं काहीच नसतं.

याच टप्प्यावर ड्राइव्ह एसएमआर आहे का तेही पाहिलं. एसएमआरमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवायच्या चित्रपटांना ते चालतं. पण बीटीआरएफएस किंवा झेडएफएससारखी दर बदलाला नवी जागा घेणारी फाइलसिस्टिम आणि रेडची पुनर्बांधणी यांना ते फार छळतं. पॅरिटीचा ड्राइव्हही वारंवार बदलतो. म्हणून या तिन्ही जागी पारंपरिक सीएमआर ड्राइव्हच घेतले, माहितीपत्रकात तसा स्पष्ट उल्लेख पाहून.

आता एक्स्ट-४ फॉरमॅट करताना बदललेल्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे राखीव जागा. एक्स्ट-४ मुळात पाच टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे प्रणालीच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते. ज्या ड्राइव्हवर लिनक्सच बसवलेलं असतं तिथे याला अर्थ आहे, कारण डिस्क भरली तरी प्रणालीच्या सेवा चालू राहतात. पण आठ टीबीच्या साठ्याच्या ड्राइव्हवर पाच टक्के म्हणजे ४०० जीबी. डेटाच्या ड्राइव्हवर मी एक टक्का ठेवला आणि पॅरिटीच्या ड्राइव्हवर शून्य. तसं का, ते पुढे येईल. ट्यून२एफएसने हा आकडा नंतरही कधीही बदलता येतो, म्हणून आधीच फॉरमॅट केलेले ड्राइव्ह असतील त्यांनीही तो एकदा पाहून घ्यावा.

दुसरी गोष्ट नंतर बदलता येत नाही: आयनोडची संख्या. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो, आणि एक्स्ट-४ ते फॉरमॅटच्या वेळीच मोजून ठेवते. चार ते सोळा टीबीच्या दरम्यानच्या ड्राइव्हला मुळात दर ३२ केबीमागे एक आयनोड मिळतो. आठ टीबीला हे साधारण २४ कोटी ४० लाख आयनोड झाले, आणि प्रत्येकी २५६ बाइटप्रमाणे त्यांच्या तक्त्यालाच सुमारे ६२ जीबी जागा जाते. माझ्या साठ्यात काही हजार चित्रपट, गाणी आणि त्यांच्यासोबतची उपशीर्षकं, मुखपृष्ठं वगैरे. फॉरमॅट करताना 'लार्जफाइल' हा प्रकार सांगितला की दर एक एमबीमागे एक आयनोड मिळतो, म्हणजे सुमारे ७६ लाख, आणि तक्ता दोन जीबीच्या आत येतो. 'लार्जफाइल४' चार एमबीमागे एकच देतो. तो मी डेटाच्या ड्राइव्हवर टाळला. चित्रपट मोठे असले तरी मीडिया सर्व्हर प्रत्येकाभोवती चिकार बारक्या फायली तयार करतो, आणि आयनोड संपले तर जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही. पॅरिटीच्या ड्राइव्हवर मात्र एकच प्रचंड फाइल राहायची असल्याने तिथे लार्जफाइल४ अगदी योग्य. एक्सएफएसमध्ये हा हिशेबच नाही, ती आयनोड लागतील तसे घेते. सोळा टीबीच्या पुढचा पॅरिटी ड्राइव्ह असता तर तिथे मी एक्सएफएसच घेतली असती, कारण चार केबीच्या ब्लॉकवर एक्स्ट-४ मध्ये एक फाइल १६ टीबीच्या पुढे जाऊ शकत नाही.

मग नकल. आरसिंक हे नकलेचं साधन वापरलं, कारण ते फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. मध्ये वीज गेली तरी अर्धवट चित्रपट पूर्ण असल्याचा भास होत नाही. जर्नलिंगबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, म्हणून सांगतो: जर्नल फाइलसिस्टिमची रचना सावरतं, त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या फाइलचा मजकूर वाचवण्याची हमी देत नाही.

नकलेत काही फायली अडल्या. 'नाव फार लांब' अशी तक्रार. याच फायली एनटीएफएसवर वर्षानुवर्षं सुखाने नांदत होत्या. कारण शोधलं तेव्हा ते आपल्या लिपीपाशी येऊन थांबलं. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककं आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे एका एककात बसतं. एक्स्ट-४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तिघींमध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे नाव ८५ चिन्हांत आटपायला हवं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्षि' दिसायला एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची नावं मी राग, ताल, साथीदार आणि ठिकाण अशी सविस्तर मराठीत दिली होती. तीच अडली. यावर फाइलसिस्टिम बदलून उपाय होत नाही. ती नावं आखडती घेतली आणि बाकीचा तपशील प्रत्येक फोल्डरमधल्या एका मजकूर फाइलमध्ये ठेवला.

त्याच सुमारास दुसरी एक गंमतशीर गोष्ट सापडली. 'डोंगरदऱ्या' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसू लागले, अक्षरशः तंतोतंत सारखे. आपला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. काही फोल्डर दुसऱ्या प्रणालीवरून आलेले होते आणि तिथे तो सुटा साठवलेला होता. एक्स्ट-४ मुळात नावाकडे फक्त बाइट म्हणून पाहते, त्यामुळे तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं, आणि आरसिंकने इमानदारीने दोन्ही ठेवली. कन्व्हएमव्ही नावाचं साधन सगळी नावं एकाच रूपात आणून देतं. ते चालवलं, दोन्ही फोल्डरमधला मजकूर एकत्र केला. मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाने नकलेआधी ही तपासणी करून घ्यावी. नाहीतर 'ऱ' असलेली प्रत्येक फाइल दोनदा साठवली जायची शक्यता राहते.

बूटच्या वेळी कुठले ड्राइव्ह जोडायचे त्याची यादी असते त्या एफएसटॅबमध्ये ड्राइव्ह यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने, नोंदवले, कारण ड्राइव्हचं एसडीए, एसडीबी हे नाव बूटगणिक बदलू शकतं. सोबत 'नोफेल' दिलं. ते नसेल तर एक ड्राइव्ह सापडला नाही एवढ्यावरून यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबतं. 'नोफेल'चा एक धोका मात्र आहे. ड्राइव्ह जोडला गेला नाही तरी माउंटची रिकामी डिरेक्टरी तिथेच असते, आणि नव्या फायली बिनबोभाट मुख्य डिस्कवर पडत राहतात. म्हणून ड्राइव्ह जोडलेला नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला चॅटरने 'न बदलणारी' अशी खूण करून ठेवली. ड्राइव्ह गैरहजर असला की लिहिणं सरळ नाकारलं जातं आणि मला लगेच कळतं.

आता पॅरिटी. दोन एक्स्ट-४ ड्राइव्हसाठी स्नॅपरेड लावलं. नेहमीच्या रेडसारखं ते दर क्षणी पॅरिटी लिहीत नाही. 'सिंक' सांगितलं की त्या घडीची पॅरिटी काढतं आणि सोबत प्रत्येक ब्लॉकचा हॅशही नोंदवतं. म्हणजे एक्स्ट-४ मध्ये नसलेली चेकसमची सोय वरून मिळते, आणि तरीही प्रत्येक ड्राइव्ह स्वतंत्रपणे कुठल्याही लिनक्सवर उघडतो. दोन ड्राइव्ह एकदम गेले तरी उरलेल्यावरच्या फायली शाबूत राहतात. क्वचित बदलणाऱ्या साठ्याला हे इतकं जुळतं की माझ्या दृष्टीने फाइलसिस्टिमच्या निवडीइतकीच ही निवड महत्त्वाची ठरली. पॅरिटीचा ड्राइव्ह डेटाच्या सगळ्यात मोठ्या ड्राइव्हएवढा तरी लागतो. आकार सारखाच असेल तर डेटाचा ड्राइव्ह काठोकाठ भरल्यावर पॅरिटीची फाइल मावत नाही, आणि वर सांगितलेला एक टक्का आणि शून्य टक्का यासाठीच.

सिंकच्या आधी नेहमी 'डिफ', म्हणजे मागच्या सिंकनंतर काय बदललं त्याची यादी, पाहतो. ही सवय सक्तीची करून घेतली, कारण पुसल्या गेलेल्या फायलींसकट सिंक झालं की त्या परत मिळण्याचा मार्गही त्यासोबत बंद होतो. पुसलेल्यांचा आकडा अपेक्षेपेक्षा मोठा दिसला की स्क्रिप्ट थांबते. एखाद्या ड्राइव्हवरच्या सगळ्याच फायली नाहीशा दिसल्या तर स्नॅपरेड स्वतःच सिंक नाकारतं, ही त्याची फार चांगली सोय आहे.

देखभाल म्हटलं तर महिन्याला बीटीआरएफएसचा स्क्रब (साठलेला डेटा वाचून चेकसमशी पडताळणं), आठवड्याला स्नॅपरेडचा स्क्रब (तो दर वेळी साठ्याचा सुमारे ८ टक्के भाग तपासतो), आणि स्मार्टच्या चार आकड्यांवर नजर: ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि १९९ म्हणजे केबलवरच्या वाहतुकीतल्या चुका. शेवटचा वाढत असेल तर ड्राइव्ह बदलायच्या आधी केबल बदलून पाहायची. एक्सएफएस वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की बूटच्या वेळचं एफएसके हे तपासणीचं साधन तिथे काहीच करत नाही. खरं काम एक्सएफएस-रिपेअरचं, आणि तेही आधी नुसतं तपासून पाहण्याच्या पर्यायाने. अशा साधनांनी करायची दुरुस्ती माउंट केलेल्या ड्राइव्हवर करायची नाही, हे सगळ्यांनाच लागू; स्क्रब मात्र माउंट असतानाच चालतो.

फोटोंच्या रेड-१ वर एका स्क्रबने चेकसमच्या चुका दाखवल्या, सगळ्या दुरुस्त केल्याच्या नोंदीसह. दुसऱ्या प्रतीतला चांगला ब्लॉक घेऊन बिघडलेल्यावर लिहिला होता. स्मार्टचे आकडे स्वच्छ होते. डिव्हाइसनिहाय आकडे पाहिले तर सगळ्या चुका एकाच ड्राइव्हच्या. मेमरीचा दोष असता तर दोन्ही प्रती मेमरीतल्या एकाच पानावरून लिहिल्या जात असल्याने चुका बहुधा दोन्हीकडे दिसल्या असत्या. तरी मेमरी तपासली. ती ठीक होती. तो ड्राइव्ह यूएसबीच्या पेटीत होता आणि दुसरा थेट साटाला. पेटीतून काढून साटाला लावला, आकडे शून्य केले आणि पुन्हा स्क्रब चालवला. त्यानंतर एकही चूक आलेली नाही. याच फायली एकट्या एक्स्ट-४ वर असत्या तर बिघडलेला फोटो तसाच उघडला असता, त्याची नक्कल बॅकअपवरही गेली असती, आणि कुणालाही पत्ता लागला नसता. म्हणून ज्यांची दुसरी प्रत जगात नाही अशा फायलींसाठी चेकसम असलेलीच फाइलसिस्टिम घ्या, असं मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पुढे एक्स्ट-४ च्या एका ड्राइव्हवर १९७ चा आकडा दिसला आणि दोन तपासण्यांच्या दरम्यान वाढला. थांबलो नाही. सिंक बंद केलं, नवा ड्राइव्ह वरच्याच पद्धतीने तपासून फॉरमॅट केला आणि वेळेच्या नोंदी जपत आरसिंकने नक्कल घेतली. काही फायली वाचताना अडल्या. त्या स्नॅपरेडच्या 'फिक्स'ने पॅरिटीवरून नव्या ड्राइव्हवर उभ्या केल्या आणि हॅशशी पडताळल्या. शेवटी 'डिफ' चालवलं. पुसलेल्या फायली शून्य, बदललेल्या शून्य. नव्या ड्राइव्हवरच्या नोंदी 'परत आणलेल्या' या रकान्यात. मग एफएसटॅबमधला यूयूआयडी बदलला आणि सिंक पुन्हा चालू केलं.